ब्रेक पॅड लवकर संपतात तेव्हा: घरच्या गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला ब्रेक आतून दाबतो. इथली उत्तरं पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीसाठी आहेत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, छोट्या सेदान आणि घरगुती सात सीटर. चारही चाकांना डिस्क असेल तर ड्रमचा भाग सोडा, बाकीचं तसंच लागू पडतं.

पॅड किती किलोमीटर चालले म्हणजे ठीक, आणि किती म्हणजे लवकर संपले?

एकच आकडा सांगता येत नाही. शहराच्या ट्रॅफिकमध्ये रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचे पुढचे पॅड साधारण २५ ते ४० हजार किलोमीटरला बदलायला आले, तर तक्रारीला जागा नाही. तीच गाडी बहुतेक हायवेवर चालत असेल तर ५०-६० हजारही काढते. पंधरा हजारांच्या आत पॅड संपले तर शोध घ्यायलाच हवा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे स्वतःच्याच गाडीचा आधीचा हिशेब. पहिले पॅड ४० हजार चालले आणि दुसरे त्याच रस्त्यावर, त्याच चालवणाऱ्याच्या हाताखाली १२ हजारांत गेले, तर बदललं आहे ते गाडीतलं काहीतरी. किंवा पॅडचा माल.

नव्या पॅडवर घासणारं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतं. मागची लोखंडी प्लेट यात धरायची नाही. ३ मिलिमीटर राहिलं की नवे पॅड आणून ठेवा. २ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

गॅरेजवाले म्हणतात, "तुमची ड्रायव्हिंगच तशी आहे." मान्य करायचं का?

चाक न काढताच हे ऐकवलं असेल तर नाही. सवयीने पॅड घासतात तेव्हा डावे-उजवे, आतले-बाहेरचे असे चारही जवळपास सारखे घासतात. तीन पॅड अर्धे शिल्लक आणि एकच लोखंडाला टेकलेला, हे काम ड्रायव्हरच्या पायाचं असूच शकत नाही. पेडल एकच आहे आणि ते चौघांनाही सारखंच दाबतं.

एक गोष्ट न विसरता करा. गाडी टाकतानाच सांगा की जुने पॅड परत हवेत, आणि कोणता कुठून निघाला ते मार्करने त्यावर लिहून हवं: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. निदान या चार तुकड्यांत असतं आणि बहुतेक गॅरेजमध्ये ते दहा मिनिटांत भंगाराच्या डब्यात जातं. नवे पॅड बसवून गाडी परत मिळाली, पण जुने लवकर का गेले हे कुणी पाहिलंच नाही, तर नव्यांचीही तीच गत होते.

जुन्या पॅडवरून दोष ओळखायचा कसा?

आधी कॅलिपर, म्हणजे डिस्कवर बसलेला आणि पॅड दाबणारा चिमटा, चालतो कसा ते पाहू. आपल्या गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने सगळा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय काढला की पिस्टनभोवतीची चौकोनी काटाची रबरी सील, जी दाबताना थोडी पिळलेली असते, सरळ होते आणि पिस्टनला किंचित मागे घेते. मागे ओढणारी स्प्रिंग वगैरे तिथे काही नाही. सगळा खेळ मिलिमीटरच्या अंशाचा. त्यामुळे थोडा गंज, थोडी माती किंवा सुकलेलं ग्रीसही पॅड डिस्कवर टेकवून ठेवायला पुरतं.

आता पॅड हातात घ्या.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त घासलाय: पिना जाम आहेत, किंवा पिस्टन मागे जात नाही. पिना जाम असल्या की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड नावालाच काम करतो आणि सगळा भार आतल्यावर येतो. पिना हाताने ओढून पाहा. बोटांच्या जोराने सरळ सरकून आल्या तर ठीक. पाना लावून फिरवायला लागल्या तर कारण सापडलं.

बाहेरचा जास्त घासलाय: कॅलिपर आत येतो पण परत जात नाही. हाही पिनांचाच दोष, फक्त कमी दिसणारा.

पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड: दोनपैकी एकच पिन अडकली आहे, किंवा पॅडचे कान (दोन्ही टोकांचे उंचवटे) ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत रुतले आहेत. ही दुसरी गोष्ट नीट बघायला सांगा. खाचेत पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात. त्यांच्याखाली गंज साचला की क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसलेला पॅड आपणहून परत कसा सरकणार? क्लिपा काढून खाच वायर ब्रशने घासून काढली की पॅड बोटांनी आत जातो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण घाईत हेच राहतं.

एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेले, दुसऱ्या चाकाचे ठणठणीत: त्या चाकाचा पिस्टन किंवा रबरी ब्रेक होज (कॅलिपरला ऑइल नेणारी नळी). पिस्टनवरचं रबरी बूट (पाणी-धूळ अडवणारं आवरण) फाटलं की आत पाणी जातं, गंज धरतो आणि पिस्टन अडकतो. होजचा प्रकार पुढच्या प्रश्नात.

चारही सारखेच, पण लवकर: आता सवय, घाट, वजन, मागचे ब्रेक, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा पंप) आणि पॅडचा दर्जा, या क्रमाने पाहा.

होज बाहेरून चांगला दिसतो, मग तो बदलायला का सांगतात?

कारण तो आतून खराब होतो. आतलं अस्तर सुटलं की त्याचा पडदा होतो. पायाचा जोर मोठा, त्यामुळे ऑइल कॅलिपरकडे जातं; परत यायला जोर नसतो, म्हणून ते अडकून राहतं. परिणामी पाय काढल्यावरही ब्रेक धरलेला.

ओळख सोपी आहे. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक जड फिरतंय याची खात्री करा आणि त्या कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरा सैल करा. जोरात ऑइल येऊन चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला होता: होज, किंवा त्याच्या वर मास्टर सिलिंडर. निपल सैल करूनही चाक जामच, तर दोष पिस्टनचा किंवा पिनांचा. नंतर एअर, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा, काढून घ्यायला विसरू नका.

होज खराब होण्याचं एक कारण गॅरेजमध्येच घडतं. पॅड बदलताना कॅलिपर काढून होजवरच लोंबकळत सोडतात. एवढं जड लोखंड रबराला टांगलं की आतलं अस्तर ताणलं जातं. चांगला मिस्त्री कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवतो. गॅरेज निवडताना मी हे आवर्जून बघतो; चकचकीत वेटिंग रूमपेक्षा त्या तारेच्या तुकड्यावरून जास्त कळतं.

चाक न काढता घरच्या घरी काही तपासता येतं का?

येतं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, शक्यतो ब्रेक न लावता, आणि शेवटी गती आपोआप कमी होऊ देऊन थांबा. मग तळहात चारही रिमच्या जवळ धरून पाहा. जवळ, वर नाही. अडकलेल्या ब्रेकची डिस्क कातडी सोलून काढेल इतकी तापते. पुढची दोन्ही चाकं सारखी कोमट असतील तर चिंता नाही. डावं गार आणि उजव्यातून धग येतेय, जळका वास येतोय, तर उजवा ब्रेक धरून राहतो. घाट उतरून आल्यावर मात्र ही चाचणी करू नका, तेव्हा सगळीच चाकं तापलेली असतात.

आणखी खुणा: एकाच अलॉय व्हीलवर दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त काळी भुकटी, गाडी एका बाजूला ओढणं, उतारावर न्यूट्रलला पूर्वी आपोआप घरंगळणारी गाडी आता जागची न हलणं, अ‍ॅव्हरेज कारण नसताना पडणं.

पिनांना कुठलंही ग्रीस चालतं ना?

नाही. बेअरिंगचं साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं. त्याने रबरी बूट आणि काही पिनांच्या टोकाची रबरी रिंग फुगते, आणि दोन-तीन महिन्यांत पिन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक ग्रीस लागतं, तेही पातळ थर. भोकात ठासून भरलं तर आतली हवा दाबली जाते आणि पिन स्प्रिंगसारखी परत येते. पिन-बूटचं किट काहीशे रुपयांत मिळतं. सर्व्हिसच्या बिलावर "ब्रेक क्लीनिंग" असं लिहिलेलं असतं; त्यात पिना काढून पुसून ग्रीस केल्या की नुसती हवा मारली, हे विचारायला लाजू नका.

हवा मारण्यावरून आठवलं. ब्रेकची भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नये, ती श्वासात जाते. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून किंवा ओल्या फडक्याने पुसून काढावी.

मागच्या ब्रेकचा पुढच्या पॅडशी काय संबंध?

बराच. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून पुढचे ब्रेक एरवीही जास्त काम करतात. मागच्या ड्रममधले लायनर (शू नावाच्या कमानींवरचं घासणारं अस्तर) झिजत जातात तसं त्यांचं ड्रमपासूनचं अंतर वाढतं. ते आपोआप भरून काढणारा अ‍ॅडजस्टर धुळीने अडकला की मागचे ब्रेक जवळपास सुटीवर जातात. गाडी थांबते, आपल्याला काही कळत नाही, आणि पुढचे पॅड मागच्यांचीही ड्युटी करतात.

याची खूण हँडब्रेकमध्ये मिळते: पूर्वी पाच-सहा टिकटिकला धरायचा, आता नऊ-दहा लागतात. इथे एक चूक सर्रास होते. ड्रम न उघडता नुसती हँडब्रेकची केबल आवळून देतात. हँडब्रेक धरतो, गिऱ्हाईक खूश. पण केबलने शू आधीच ओढलेले असले की अ‍ॅडजस्टर काम करत नाही, आणि केबल जास्तच आवळली तर लायनर ड्रमला घासत राहतात. आधी ड्रम काढून साफसफाई, मग शू अ‍ॅडजस्ट, आणि सगळ्यात शेवटी केबल.

घाटात पॅड जास्त घासतात का? न्यूट्रलवर उतरलं तर पेट्रोल वाचतं असं ऐकलंय.

लोणावळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. पाच माणसं आणि सामान धरून १२५० किलोची गाडी घेतली तर या उतारात जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात वीस लिटर पाणी उकळीला आणता येईल. थोडी हवेत आणि टायरमध्ये जाते. उरलेली एकतर इंजिन खातं किंवा ब्रेक. न्यूट्रल केलंत की इंजिन या वाटणीतून बाहेर. सगळी उष्णता ब्रेकवर, त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कवर. आंबोली, ताम्हिणी, पसरणी, वरंध, कुठलाही घाट घ्या, हिशेब हाच.

पेट्रोल वाचतं हा समजही आता जुना झाला. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलवर पेट्रोलही जास्त, पॅडही जास्त. आणि इंजिन बंद करून उतरणं तर शुद्ध वेडेपणा: ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, दोन-तीनदा दाबलं की पेडल दगडासारखं होतं.

ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा. ब्रेक सतत हलका धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी ठाम दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला, म्हणजे डिस्कला मध्ये गार व्हायला उसंत मिळते. ऑटोमॅटिकवाल्यांनी डी वर ठेवून ब्रेकवर बसून राहू नये. एएमटी असेल तर मॅन्युअल मोडला दुसरा-तिसरा गिअर, सीव्हीटी असेल तर एल किंवा एस.

पॅड एकदा फार तापले की त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि कडक होतो. मग गाडी थांबवायला जास्त दाबावं लागतं.

माझा पाय ब्रेकवर टेकलेला असतो की नाही, हे मला कसं कळणार?

स्वतःला कळत नाही. ओळखीच्या कुणाला तरी मागून गाडीने किंवा स्कूटरने यायला सांगा आणि ब्रेकलाइट बघायला सांगा. पेडल जरासं हललं तरी लाइट लागतो. सिग्नल नाही, ट्रॅफिक नाही आणि तरी लाइट लागतोय, तर पाय टेकतोय. ऑटोमॅटिक घेतल्यावर डावा पाय मोकळा झाला म्हणून तो ब्रेकवर ठेवणारे बरेच असतात. तो पाय फूटरेस्टवर. आणि पाय काढल्यावरही लाइट लागलेलाच राहत असेल, तर पेडल पूर्ण वर येत नाही किंवा पेडलजवळचा स्विच बिघडला आहे. पेडल पूर्ण वर आलं नाही तर मास्टर सिलिंडरमधली ऑइल परत जाण्याची वाट बंद राहते आणि गाडी तापेल तसा ब्रेक धरत जातो.

सीएनजी टाकी, कॅरिअर, मोठे टायर यांनी फरक पडतो?

पडतो, पण एकट्या त्यांच्यामुळे पॅड निम्म्या आयुष्यात जात नाहीत. वेगाने मात्र खरंच फरक पडतो. ८० वरून थांबायला ४० च्या चौपट ऊर्जा ब्रेकना जिरवावी लागते.

लोकल पॅड घ्यावेत का? अर्ध्या किमतीत मिळतात.

कंपनीचेच घ्या असं मी म्हणत नाही. गाडीच्या कंपन्या पॅड स्वतः बनवत नाहीत. जे बनवतात त्यांचे त्यांच्या नावाच्या पाकिटातले पॅड बाजारात थोडे स्वस्त मिळतात आणि ते उत्तम असतात. नको ते बिननावाचे आणि डुप्लिकेट. छपाई पुसट, बॅच नंबर नाही, पाकिटात क्लिपा नाहीत, प्लेटच्या कडा खरबरीत, असं दिसलं तर परत द्या. प्लेट नीट मापाची नसेल तर पॅड खाचेत अडकतो आणि आपण पुन्हा पहिल्या प्रश्नावर येतो. पॅड अति कडक असले तर उलटच होतं: पॅड टिकतात, डिस्क जाते. डिस्क कितीतरी महाग.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. संपलेला एकच असला तरी.

डिस्क टर्निंग (लेथवर डिस्क तासून सपाट करणं) दर वेळी करायलाच हवं का?

नाही. डिस्कवरून नख फिरवा. खोल चरे लागले, किंवा ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर टर्निंगचा विचार करा. खरखरीत डिस्कवर नवे पॅड सुरुवातीला भराभर घासतात हे खरं आहे, पण टर्निंगमध्ये डिस्कची जाडी जाते. कमीत कमी जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवर कोरलेलं असतं. मोजताना व्हर्नियर कडेवर लावला तर फसायला होतं, कारण पॅड जिथे पोचत नाही तिथे कडेला न घासलेली उंच किनार राहते. मायक्रोमीटरने आतल्या घासलेल्या भागावर मोजायला सांगा. टर्निंगनंतर जाडी त्या आकड्याखाली जाणार असेल तर नव्या डिस्क, जोडीने.

नवे पॅड बसवल्यावर काय करावं?

गॅरेजमधून निघण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिलं पेडल तळाला जातं. मग मोकळा रस्ता बघून ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, दोन ब्रेकमध्ये थोडं अंतर ठेवून. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळता आले तर टाळा.

ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली म्हणून भरून घेतलं. बरोबर केलं ना?

पॅड घासतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल त्याच्या मागे जातं. म्हणून पातळी हळूहळू उतरणं ही सहसा पॅड संपत आल्याची खूण असते, गळतीची नव्हे. वरून भरलंत तर ती खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना ऑइल उतू जाऊन रंग खराब करतं. पातळी एकदम उतरली तर मात्र गळती शोधा. ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावरच्या मानकात १५५. शिवाय ओलीने पिस्टन आतून गंजतात. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. कोकणात राहत असाल तर यात चालढकल नको.

वॉरंटीत पॅड मिळतात का?

सहसा नाही, झिजणारा भाग म्हणून वगळलेले असतात. पण अडकलेला कॅलिपर हा झिजणारा भाग नाही. वॉरंटीच्या काळात एकाच बाजूचे पॅड गेले तर जॉबकार्डवर "पॅड लवकर संपले" असं लिहू देऊ नका. "उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक धरून राहतो, कॅलिपर तपासणे" असं लिहून घ्या, आणि चारही जुन्या पॅडचे फोटो काढून ठेवा.

पावसाळ्यात गाडी महिनाभर गावाला उभी राहणार आहे. काय काळजी घ्यावी?

हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. ऑटोमॅटिक असेल तर पी वर. धुऊन लगेच उभी करू नका. आधी एक चक्कर मारून दोन-चारदा ब्रेक लावून डिस्क वाळू द्या. परत आल्यावर डिस्कवर तांबूस गंज दिसेल आणि पहिल्या काही ब्रेकना खरखर येईल, ते नेहमीचंच. पाच-सात किलोमीटरनंतरही खरखर राहिली किंवा एखादं चाक तापलं, तर पिना बघून घ्या.